सुमनचं मनगट

मानवतच्या मोंढ्यात मी वजनकाट्यावर काम करतो. ज्येष्ठातल्या एका सकाळी हरभऱ्याचं पोतं काट्यावर चढवलेलं होतं आणि मी आकडा वाचायला वाकलो होतो, तेवढ्यात आडतीचे मालक पेढीवरून उठून माझ्याकडे आले. माझा फोन आला की ते एरवी बसल्या जागेवरून हाक मारतात. त्यांना उठून येताना पाहिलं आणि मला कळलं. ते एवढंच म्हणाले, "ताडकळसहून फोन होता. तुम्ही निघा." पोतं काट्यावर तसंच राहिलं. माझी धाकटी बहीण सुमन गेली होती. पस्तिशीची होती.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात, आणि सुमनबद्दल वाईट लिहावं असं माझ्याकडे काही नाहीच. पण जे जिवंत आहेत त्यांना हा नियम लागू होतो असं मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. ताडकळसच्या बाजूचं एक खेडं, एवढं पुरे. जे मी डोळ्यांनी पाहिलं ते तसं सांगेन आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगेन.

सुमनचं लग्न अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात झालं. पहिल्या पंचमीला तिला आणायला निघालो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे पेटलेलं होतं, एसटी बंद होत्या, आणि तिची ती पंचमी सासरीच गेली. दाजी, म्हणजे तिचा नवरा भगवान, स्वभावानं गरीब. वडील लहानपणीच गेलेले. त्यामुळं घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. न्यायाचं ते सांगतो, तात्यांनी पुतण्याची जमीन राखली, त्याचं लग्न करून दिलं, बहात्तरच्या दुष्काळात घरातलं धान्य बाहेर काढलं. गावात त्यांना मान आहे तो फुकटचा नाही. आणि त्यांनी म्हटलेलं गाव खरं धरतं, हीच अडचण झाली.

ऐंशी साली माघातल्या अमावस्येला मोठं सूर्यग्रहण आलं. शिवरात्र नुकतीच झाली होती. दुपारचं ग्रहण, भर दिवसा गाव ओस पडलं, दारं-खिडक्या लावून लोक आत बसले. सुमनला चौथा महिना होता. तिला आतल्या खोलीत निजवून ठेवलं होतं, हलायचं नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, असं बजावून. तेवढ्यात गोठ्यातून कालवडीचा घरघर आवाज यायला लागला. दाव्यात तिची मान अडकली होती. तात्या घरातूनच ओरडले, कुणीतरी दावं कापा रे. ग्रहणात उठायचं कुणी? कुणीच उठलं नाही. सुमन उठली, विळा घेऊन गोठ्यात गेली आणि दावं कापून आली. कालवड वाचली. हे मला सुमननं सांगितलं आणि दाजींनीही वेगळं विचारल्यावर अगदी तसंच सांगितलं, म्हणून मी ते पक्कं धरतो. त्या दिवशी तिला कुणी शाबासकी दिली नाही, पण रागावलंही नाही.

आषाढात रेणू झाली, आमच्याच घरी, मानवतला. पहिले काही दिवस गोरं, स्वच्छ लेकरू. मग उजव्या गालावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसायला लागला. बारसं सव्वा महिन्यानं केलं, तोवर त्याचा चिंचोक्याएवढा फुगीर लाल चट्टा झाला होता, जणू कुणी गालावर पिकलेलं तोंडलं चिरून चिकटवलं आहे. सासरची माणसं आली. बायका पाळण्यावर वाकल्या आणि गाणं म्हणता म्हणता थांबल्या. माझ्याच बैठकीत, माझ्यासमोर, तात्यांनी पान लावता लावता कारण सांगून टाकलं. म्हणाले, "इळा चालवला ना ग्राणात. आईनं कापलं, लेकराच्या गालावर उठलं. रक्तच हाय ते." बायकांनी माना हलवल्या. सुमन भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तात्या, दावं कापा म्हणून तुमीच वरडला." तात्या शांतपणे म्हणाले, "म्या गड्याला म्हनलो. पोटुशीला न्हाई."

त्या दिवसापासून सुमनला एकच गोष्ट हवी होती. जसा चार लोकांत त्यांनी तिच्यावर दोष ठेवला, तसंच चार लोकांत त्यांनी म्हणावं, की लेकराचा डाग हिच्यामुळं नाही. एवढं एकच वाक्य. तिनं मला कितीदा तरी सांगितलं असेल, "दादा, मला बाकी काय नको. त्याच तोंडानं म्हनायला लावीन मी."

आश्विनात मी रेणूला परभणीला लेकरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गालावरची गाठ बोटानं हलकी दाबली. ती फिकी पडली, बोट काढलं तशी पुन्हा लाल भरली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि मी ते आजही सांगू शकतो. ही रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ असते. जन्मानंतर थोड्या दिवसांनी दिसते, साधारण वर्षभर वाढते, मग आपली आपण ओसरायला लागते. लेकरू शाळेत जाईपर्यंत बरीच कमी होते आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेकांची दिसेनाशी होते. डोळ्यापाशी असती किंवा श्वासाला अडत असती तर गोष्ट वेगळी. कधी वरची कातडी फुटून रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि दवाखान्यात आणायचं. मी मुद्दाम ग्रहणाचं विचारलं. ते म्हणाले, आईनं काय खाल्लं, काय कापलं, याच्याशी हिचा काही संबंध नाही. त्यांनी औषध दिलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं.

आणि तिथंच घात झाला. मी स्वतः जाऊन तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, सुई दिली का? नाही. गोळी? नाही. मलम? तेही नाही. ते दाजींकडे वळून म्हणाले, "म्हंजे त्याला कळलंच न्हाई. कळलं असतं तर औशिद दिलं असतं की." आमच्याकडे अजूनही असंच आहे. जो डॉक्टर सुई टोचतो तो हुशार, आणि जो हात लावू नका म्हणतो तो अडाणी.

मार्गशीर्षात रेणूनं नखानं गाल ओरबाडला आणि गाठीतून रक्त आलं. सुमन कापड दाबून बसली, ते थांबलंही. पण तात्यांच्या शब्दानं घरात ठरलं, डाग द्यायचा. लेकराचं पोट फुगलं, डब्बा झाला, की तापल्या सळईनं डागायचं, ही आमच्या भागातली जुनी रीत. शेजारच्या गावचा डाग देणारा आणला. पुढचं मी पाहिलेलं नाही. सुमन, दाजी आणि तिची सासू, तिघांकडून ऐकलं आणि तिघांचं जुळतं. गोवऱ्यांच्या विस्तवावर सळई लाल केली. सासूनं लेकराचं डोकं धरलं. सुमनला शेजारच्या दोघी बायकांनी मागं ओढून ठेवलं होतं. सळई गालाजवळ आली तशी ती हिसडा देऊन सुटली आणि तिनं आपलं मनगट मध्ये घातलं. नुसतं घातलं नाही, सळई खाली दाबून धरली, लेकरापासून लांब, आणि त्या माणसानं मूठ सोडेपर्यंत हात काढला नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "मांस जळाल्याचा वास आला बगा, पर पोरगी वरडली न्हाई." ज्यांनी लेकराचं डोकं धरलं होतं, त्याच हे सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हाताला फडकं बांधून माझ्या दारात उभी राहिली. मी परत पाठवणार नव्हतो. महिना झाला, दाजी येऊन बसले, रडले. सुमननंच सामान बांधलं. मी अडवलं तर म्हणाली, "हितं बसून कुनाला दाखवू हात? ज्यानं केलं त्याच्यासमोर ऱ्हायचं हाय मला."

ती राहिली, आणि तिनं त्या घराला विसरू दिलं नाही. कालवडीची गाय झाली. तिच्या दुधाचा पेला तात्यांना रोज सुमनच नेऊन द्यायची, उजव्या हातानं, बांगड्या कोपराकडे सारून, जाड गुलाबी वण उजेडात येईल असा. घरात कुणालाही काही फुटलं, उठलं, सुजलं की तिची चौकशी सुरू व्हायची. सासूच्या जिभेला फोड आले तर, "आत्याबाई, ग्राणात काय चिरलं व्हतं?" एकदा तात्यांच्या मानेवर मोठं गळू झालं. पोटीस बांधून ओसरीवर बसले होते, चार माणसं भेटायला आलेली. सुमन चहा घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत पोटिसाकडे बघत म्हणाली, "तात्या, तुमी तर आतच बसला व्हता की वो ग्राणात. मग हे कशानं उठलं?" माणसं चहात तोंड घालून हसली. तात्यांनी बशीत चहा ओतून घेतला. तिच्या टोमण्यांना ते कधीच उत्तर देत नसत, ही त्यांची ताकद होती.

पंच्याऐंशी साली कोजागिरीलाच चंद्रग्रहण आलं. सुमनला तेव्हा दिवस गेलेले होते. ग्रहण लागायच्या बेताला ती अंगणात विळी घेऊन बसली आणि दुधी चिरायला घेतला. सासू आतून हाका मारते आहे, शेजारणी दाराच्या फटीतून बघताहेत, आणि ही एकेक फोड करून परातीत टाकते आहे. दाजींनी मला सांगितलं, की ती मोठ्यानं म्हणत होती, "बगा रे, नीट बगा. इळी हाय, दुधी हाय, पोटुशी हाय." पोरगा झाला. त्याच्या अंगावर कुठं तीळही नाही. आणि तोवर रेणूच्या गालावरची गाठ मधून पांढरट होत, चपटी होत आली होती, डॉक्टर म्हणाले होते तशीच. ती तिसरीत गेली तेव्हा गालावर, माहीत असलेल्यालाच दिसेल अशी, किंचित सैल कातडी उरली होती. आज ती चौदा वर्षांची आहे. परक्या माणसाला कोणता गाल ते ओळखता येणार नाही.

मला वाटलं होतं, आता तरी म्हातारा बोलेल. सुमननं लेकीला त्यांच्यासमोर उभं केलं, तोंड उजेडाकडे वळवलं, म्हणाली, आता सांगा. तात्या रेणूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "देवाची किरपा." झालं! बारशात दोष आईचा होता, आणि डाग गेला तेव्हा कृपा देवाची. आईचं नाव कुठंच नाही.

रेणूचा गाल भरला, पण सुमनचं मनगट नाही. भाजलेली कातडी घट्ट, चकचकीत, ताण न सोसणारी. कापूस वेचताना, भाकरी थापताना ती तडकायची, पाणी यायचं, खपली धरायची, पुन्हा तडकायची. अशी कितीतरी वर्षं. हळद, खोबरेल, दुकानातलं मलम, कुणी सांगितलं म्हणून बिब्बासुद्धा. मी दाखवू म्हटलं की ती टाळायची. तिला तो वण बरा व्हायला नको होता की काय, असं मला आता वाटतं. तो तिचा पुरावा होता. सूड घ्यायचा म्हणून तिनं तो जपला, आणि मीही तिला त्यात साथ दिली, कारण मलाही सूड हवा होता. आजही हवा आहे.

गेल्या वर्षी भाऊबीजेला ती ओवाळत होती. ताट एका बाजूला कललं. मी हात धरला आणि फडकं सोडलं. जखमेच्या कडा उचललेल्या, टणक, मधला भाग खोल, हात लावला की रक्त. वास लपवायला तिनं अत्तराचा बोळा बांधला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीला, त्याच डॉक्टरांच्या ओळखीच्या सर्जनकडे. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि काखेत बोटं घालून बराच वेळ चाचपलं. मग मला बाहेर घेऊन सांगितलं. भाजल्याचा वण वर्षानुवर्षं फुटत-भरत राहिला, की कधीकधी त्यातच कर्करोग उठतो. सगळ्यांना होत नाही. पण भाजल्याच्या जुन्या वणावर जखम भरेनाशी झाली, कडा वर आल्या, तर एक दिवस थांबायचं नाही. साधी जखम तीन-चार आठवड्यांत भरायला हवी; जी भरत नाही ती दाखवायची. वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. माझ्या बहिणीच्या हातावर ते लिहिलेलं होतं आणि आम्ही तिघं-चौघं रोज बघत होतो.

हात कोपराच्या वरून काढायचा ठरला, नांदेडला. तिला सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "दादा, हात गेला तर तात्याला दाखवू काय?" जानेवारीत नामांतराची घोषणा झाली, चार दिवस रस्ते बंद, गाड्या बंद. बांधलेली पिशवी दाराशी ठेवून ती बसून होती. मग रेल्वे सुरू झाल्यावर तात्यांनी तिला पूर्णा स्टेशनपर्यंत स्वतःची बैलगाडी दिली, खाली गादी घालून. हेही मी सांगतो, कारण ते घडलं. आणि तरी मी माफ करत नाही. हात काढला. काखेतल्या गाठी पुढं गेलेल्या होत्या. उन्हाळाभर ती झिजत गेली. शुद्धीत होती तोवर दर दोन दिवसांनी विचारायची, "म्हनला का काही?" मी खोटं बोललो नाही. नाही म्हणालो.

तेराव्याला मी टावेल-टोपी घेऊन गेलो. आमच्यात माहेरच्यांनी सासरच्या कर्त्या माणसाला टोपी घातली, की दुःख उतरलं असं धरतात. मांडवात गाव बसलेलं. दाजींना टोपी घातली. मग तात्यांपुढं उभा राहिलो. टोपी हातातच ठेवली आणि म्हणालो, "तात्या, एक वाक्य बोला, मग घालतो. पोरीचा डाग सुमनमुळं नव्हता, एवढं म्हणा." तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेराव्याला हे बोलायचं असतंय का?" मी म्हणालो, "तुम्ही बारशात बोलला होता." कुणीतरी माझा दंड धरला. जाऊ द्या, झालं गेलं, म्हातारं माणूस आहे... तात्यांनी ओठ हलवले. मी थांबलो. खरंच थांबलो, त्या क्षणी ते बोलले असते तर मी त्यांच्या पायाही पडलो असतो. ते म्हणाले, "तिचे भोग व्हते." मी टोपीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि जेवणाला न थांबता उठलो.

पण निघण्याआधी मी एक काम केलं. नांदेडला जायच्या आदल्या दिवशी सुमननं हट्ट धरला होता, की फोटो काढायचा. ताडकळसच्या बाजारात एकाचं फोटोचं दुकान आहे. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, रेणूला शेजारी, आणि सुमनला म्हणाला, ताई, तो हात पदराखाली घ्या, बरं दिसत नाही. सुमन म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हाताचाच फोटो हाय." तिनं फडकं सोडलं आणि हात रेणूच्या खांद्यावर असा ठेवला, की मनगट पोरीच्या गालाला अगदी लागून येईल. त्या घरानं तेराव्याला लग्नातला फोटो कापून, हार घालून ठेवला होता. मी हा फोटो मोठा करून, काच घालून आणला होता. रेणूनं तो माझ्या हातातून घेतला आणि कुणाला न विचारता माजघरात खिळा ठोकला, तात्यांचा जेवायचा पाट मांडतात त्याच्या समोरच्या भिंतीवर.

परवा दाजी बाजाराला आले होते. त्यांच्या तोंडून कळलं, की तात्या आता माजघरात जेवत नाहीत, पाट ओसरीवर मांडायला लावतात. आत उकडतं म्हणतात. श्रावणाची झड लागली आहे, अंगणात चिखल आहे, ओसरीवर शिंतोडे येतात. मी विचारलं, फोटो काढा असं कुणी म्हटलं का? दाजी म्हणाले, सगळेच म्हणतात, पण रेणू हात लावू देत नाही. मग मान खाली घालून ते म्हणाले, की तात्यांचं ताट घेऊन ओसरीवर आता तीच जाते. वाढून झालं तरी लगेच आत येत नाही. उजेडाच्या बाजूला उजवा गाल करून, म्हाताऱ्याचं जेवण होईपर्यंत समोर उभी राहते.